माझ्या डब्यावर निर्बंध

"ताई, राग मानू नका, पण तुमचा डबा टेबलावर नको."

ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी होती. इथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं. मी भरली वांगी नेली होती. असं म्हणत मंडळाच्या अध्यक्षांनी डबा उचलला आणि आत किचनमध्ये कचऱ्याच्या बादलीशेजारी नेऊन ठेवला. झाकणही न उघडता.

कारण काय? मी एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात काम करते. युद्धात जाळलेल्या गावांतल्या बायकांचे जबाब घेते. ते एका महासत्तेला झोंबलं. तिच्या सरकारने आधी न्यायाधीशांवर निर्बंध घातले, मग आम्हा अधिकाऱ्यांवर. आमच्याशी व्यवहार करेल त्यालाही शिक्षा. बँकेने माझं कार्ड बंद केलं. ईमेल खातं बंद झालं. सुट्टीत ऑकलंडला घरी आले, तर नवरा म्हणाला, "सोड ना ती नोकरी." खोटं कशाला बोलू, माझंही मन डळमळलं होतं.

अध्यक्ष पुण्याचे, आयटीतले. आवाज खाली आणून म्हणाले, "आमचे हीप्स, अगदी ढीगभर क्लायंट त्या देशातले आहेत. तुमच्याकडून काही घेतलं तर आम्हीही अडकू. पर्सनल काही नाही हं."

वांगं खाल्लं की निर्बंध मोडतो! मला आधी हसू आलं. मग अंगाची आग झाली.

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी पाटलाविरुद्ध कोर्टात साक्ष दिली, तेव्हा गावाने आमचं घर वाळीत टाकलं होतं. गिरणीवाला दळण घेईना. वाणी मीठ देईना. तेही असेच गोड बोलायचे.

सोबत आलेली माझी मुलगी हात ओढत होती. "मम, लेट्स जस्ट गो."

"नाही," मी म्हणाले.

डबा परत आणला. टेबलाच्या मधोमध ठेवून झाकण काढलं. "ज्याला भीती वाटते त्याने खाऊ नये. डबा इथेच राहील."

कुणी हात लावला नाही. एकानेही नाही. मी ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर बसून पोटभर जेवले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "मी परत कामावर जातेय."

घरंदारं जळाल्यावरही त्या बायका माझ्यासमोर बसल्या. मारणाऱ्यांची नावं घेऊन बोलल्या. आणि मी कार्ड बंद पडलं म्हणून तोंड लपवू? करा, काय बंद करायचं ते करा. बोलायला एक बाई उरली असेल, तोवर मी तिचा जबाब घेणार.