बिबट्याला ऐकवायचं संगीत

मुलीने पुण्यात नवा टॅब घेतला आणि जुना, कोपऱ्यात तडा गेलेला, मला दिला. म्हणाली, "पप्पा, निवांत कीर्तनं ऐका." मी तीन दिवस कीर्तनं ऐकली आणि चौथ्या दिवशी संगीतकार झालो.

त्या टॅबवर रेकॉर्डिंगचं एक फुकटचं ॲप होतं. कुठलाही आवाज भरून घ्यायचा, उलटा करायचा, ताणायचा, एकावर एक चढवायचा. मला ना सूर कळतो ना ताल. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. पण मंचरला खता-बियाण्यांच्या दुकानात जन्म काढून घरी बसलेल्या माणसाला प्रयोगशील व्हायला कोण अडवणार? मी दुधाची रिकामी किटली वाजवली. मोटारीच्या स्टार्टरची खटखट घेतली. कांदा ओततानाचा गडगडाट घेतला आणि तो इतका ताणला, की लांबून विमान चाललंय असं वाटावं.

अडचण एकच, हायवे. तो आमच्यापासून लांब आहे असं मी समजत होतो. टॅबने तो माझ्या मांडीवर आणून ठेवला. म्हणून मी दुपारी सामानाच्या खोलीत, अंगावरून दोन गोधड्या घेऊन रेकॉर्डिंग करायचो. एकदा शेजारी फवारणीचा पंप मागायला आला. गोधडीखालून किटलीचे ठोके ऐकून तो दारातच थबकला. "भाऊ, थंडीताप हाय का? दात लई वाजत्यात."

असे सात तुकडे तयार झाले. पहिला मी चहाच्या टपरीवर माझ्या जुन्या मित्राला ऐकवला. त्याने डोळे मिटून, मान हलवत चांगला धीर धरला. मग म्हणाला, "राव, सुरू कधी व्हणार हे?"

"संपत आलंय," मी म्हणालो.

मुलगी फोनवर म्हणाली, "वेगळं आहे, पप्पा." फसलेल्या मासवडीला पाहुणे असंच म्हणतात. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मला काही टाळ्या नको होत्या. एका माणसाने एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच हवं होतं.

बायकोकडून ही आशा नव्हतीच, कारण ती तर शत्रुपक्षात होती. किटली ऐन रंगात आली की बाहेरून तिची हाक यायची, "आवं, च्या झालाय!" मी गोधडी भिरकावून बाहेर जायचो आणि वाट्टेल ते बोलायचो. ती म्हणायची, "मग गार प्या." नंतर मी बसून तिची हाक कापून टाकायचो. मागचापुढचा आवाज असा सांधायचो, की माझ्या सगळ्या संगीतात तेवढी एकच गोष्ट मला खरोखर जमली होती.

मग आमच्या बाजूच्या उसात बिबट्या दिसला. शेतात एकट्यानं जाऊ नका, गेलात तर आवाज करत राहा, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. बायका मोबाइलवर गाणी लावून जाऊ लागल्या. आमची म्हणाली, "तुमचं ते स्पीकरात भरून द्या." मला क्षणभर कृतार्थ वाटलं. "गाणं असलं की त्यात जीव अडकतो, हात चालत नाय," ती पुढे म्हणाली. "तुमच्यात ऐकण्यासारखं काय न्हाई. बरं पडंल."

मी निमूट सातही तुकडे भरून दिले. ती रोज गाईंसाठी घास कापायला ते घेऊन जायची. बिबट्या परत दिसला नाही. तो घोडनदी ओलांडून गेला आणि आता परत यायला तयार नाही, अशी बातमी शेजाऱ्याने गावभर केली.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी घासाचा भारा उचलायला गेलो. बांधावर स्पीकर चालू होता. ती विळा न थांबवता म्हणाली, "आता किटली पडंल बघा." किटली पडली. "आता मोटर. मंग लई वेळ काय न्हाई. तवर माझा एक वाफा व्हतो."

तिला सातही तुकडे पाठ होते. ती ते रोज, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती. मला भरून आलं. घाम पुसल्यासारखं करून मी टॉवेलने डोळे पुसले.

"आन हितं माझी हाक व्हती," ती म्हणाली.

"कुठं?"

"हितंच. आवाज जरा खाली बसतो ना? च्या झाला म्हणून हाक मारली, तवा लई बोलला तुमी. मंग काढली." ती विळ्याला चिकटलेला पाला झाडत होती. "बिबट्यासाठी तर माणसाचा आवाज पायजे व्हता."

घरी येऊन मी टॅब धुंडाळला. जागा व्हावी म्हणून मी कापलेलं सगळं कधीच पुसून टाकलं होतं.

त्याच दुपारी मी पुन्हा गोधड्यांत शिरलो. या वेळी काहीच वाजवलं नाही. टॅब चालू केला आणि हाकेची वाट बघत बसलो. चार वाजले, साडेचार झाले. मी घामाने निथळत होतो. शेवटी टॅब छातीशी धरून बाहेर आलो, तर ती उंबऱ्यावर बसलेली, शेजारी बशी झाकलेला कप.

"झालं का?" ती कुजबुजली. "मुद्दाम न्हाई हाक मारली."

चहावर जाड साय आली होती. मी तो गार चहा तसाच प्यायलो. टॅब चालूच राहिला होता, हे नंतर लक्षात आलं.

तो आठवा तुकडा मी कुठेही न कापता भरून दिला. दुसऱ्या दिवशी ती घास घेऊन परत आली आणि भारा टाकत म्हणाली, "आवं, माझा समदा घास कापून झाला. नुसता तुमचा श्वास ऐकू येतोय. सुरू कधी व्हणार हे?"

"शेवटी," मी म्हणालो.