मामांची धुतलेली लढाई

गंजावर इतकी माया करणारा माणूस नळदुर्गातच काय, उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. जळकोटच्या बाजूला ओढ्याकाठी कधीकाळी लढाई झालेली. तिथली शेतं नांगरली की बाणांची टोकं, शिशाच्या गोळ्या वर येत आणि मामा त्या तान्ह्या पोरासारख्या फडक्यात गुंडाळून घरी आणत. लोखंडाला ओल सोसत नाही म्हणून चपलांच्या दुकानात जाऊन, जोडा न घेता, खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या तेवढ्या मागत. दुकानदार लांबूनच हात जोडायचा. मामींनी एकदा टोकांवरून फडकं फिरवलं तर दोन दिवस अबोला! "अगं, त्या गंजात लढणाऱ्याच्या कापडाची वीण उमटलीय. पुसलीस तर काय ऱ्हायलं?"

प्रत्येक वस्तूला वेगळी डबी आणि डबीत चिठ्ठी असे: 'ओढ्यापासून चाळीस पावलं, बाभळीखाली.' मामा पावलं मोजत निघाले की शेतकरी धास्तावून विचारत, "रस्ता जातोय का काय हितनं?" मामांना त्याचं काही नाही. मला म्हणत, "जावईबापू, चेपलेली गोळी म्हंजी जाऊन आदळलेली. गोल ऱ्हायली ती बंदूक भरताना हातनं पडलेली. ह्या बाभळीखाली लई गोल गोळ्या घावल्या. कुणाचे तरी हात थरथरत व्हते बघा." कोण कुठं उभं होतं, हे त्यांना त्या चिठ्ठ्यांवरून सिद्ध करायचं होतं. अन् ते पाहायला संग्रहालयाचे साहेब नेमके खंडेनवमीला येणार होते.

मामा त्यांना आणायला स्टँडवर गेले आणि माझ्या अंगात उत्साह संचारला. खंडेनवमीला हत्यारं मळकी पुजायची? छे! चिंच-राख घेऊन मी एकूण एक वस्तू घासली, चिठ्ठ्या कचरा समजून चुलीत घातल्या आणि सगळं एका पाटावर झेंडूच्या फुलांत मांडून शाबासकीची वाट पाहत बसलो. गाढव कुठला!

साहेबांनी पाट पाहिला. "वस्तू चांगल्या आहेत. पण कुठली कुठं सापडली?"

मामांनी एक चकचकीत टोक उचललं, उलटंपालटं केलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "साहेब, सणाच्या गडबडीत म्याच धुतल्या. चूक झाली."

साहेब चहा घेऊन गेले. मामांनी मला आग्रह करकरून पुरणपोळी वाढली. त्यानंतर ते शेतांत फिरकले नाहीत.

मामा जाऊनही आता बरेच दिवस झाले. हॉटेलात त्यांचा विषय निघाला की अजून कुणीतरी हसतं, "स्वतःच्या हातानं लढाई धुतली, तेच न्हवं का?" आणि मी, सांगायला लाज वाटते, मान खाली घालून चहा पीत राहतो.