त्यानं विचारलं होतं

माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळं काल्हेर म्हणतं. खरं आहे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची जमीन गोदामाला गेली—सकाळी कळलं की दुपारपर्यंत मी गावभर करतो. एवढी एकच गोष्ट सात वर्षं पोटात राहिली आहे. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही.

सलीमपासून सुरुवात करतो. तो भिवंडीचा. पडघ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे आम्ही दोघांनी दहा वर्षं मोटारी वाहणारे ट्रेलर चालवले. मग माझ्या वाट्याची जमीन विकली गेली आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं—आता स्वतःचा ट्रेलर घ्यायचा, मालक व्हायचं. सहा मोटारी नेणारा जुना ट्रेलर घेतला. सलीमला म्हणालो, चल. तो पक्की नोकरी सोडून आला. माझ्या एका शब्दावर आला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोटार उतरवताना तिला बांधलेला शेवटचा पट्टा सोडण्याआधी मागचा माणूस ओरडून विचारतो, "लाकूड हाय?" पुढच्या चाकामागे लाकडाचा ठोकळा लावलेला असतो, तो मागून दिसत नाही. म्हणून पुढच्यानं वाकायचं, ठोकळ्याला हात लावायचा आणि मगच म्हणायचं, "हाय." नुसतं बघून नाही, हात लावून. जुन्या मोटारीचा हँडब्रेक म्हणजे नवसाला न पावणारा देव, त्याच्या भरवशावर कोण राहणार?

आमची पहिलीच खेप होती. पडघ्यात, सकाळी अकराच्या उन्हात, मोटारी उतरवत होतो. मी पुढे, कानाला फोन—पुढच्या खेपेचं बोलणं चाललेलं. मालक झालो होतो ना! मागून सलीमनं विचारलं. नेहमीसारखंच, मोठ्यानं.

मी "हाय" म्हणालो. वाकलो नाही. हात लावला नाही. बघितलंसुद्धा नाही.

ठोकळा वाटेतच कुठंतरी सरकला होता. मोटार मागे घसरली ती थेट सलीमवर. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

दवाखान्यात त्याचा मोठा भाऊ धावत आला. "काय झालं?" एवढंच विचारलं त्यानं. आणि मी म्हणालो, "त्यानं विचारलंच न्हाय. डायरेक पट्टा सोडला." भीतीपोटी बोललो का? नाही—भीती नंतर वाटली. खोटं आधी आलं, अगदी सहज आलं. शुद्धीवर आलेल्या सलीमला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं तेच त्यानं खरं धरलं.

आता माझे तीन ट्रेलर आहेत. सलीमचं ड्रायव्हिंग सुटलं. तो पूर्ण्याला मोटारी ठेवायच्या एका गोदामाच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितो. नवा ड्रायव्हर दिसला की पँट वर करून पाय दाखवतो. "विचारत जा रे. मी न्हाय विचारलं, बघ." मी ट्रेलर घेऊन त्या गेटच्या रांगेत असलो की काच वर करतो. तरी ऐकू येतं. घरीसुद्धा—जेवताना, अंघोळ करताना—पाठीमागून कुणीतरी विचारतं आणि मी तोंड घट्ट मिटून घेतो. कुणाला सांगू हे?

पण खरं सांगायचं होतं ते हेही नाही. बघा, अजून मी गोल गोल फिरतोच आहे.

दवाखान्यातून सुटल्यावर दोन महिन्यांनी सलीम कुबड्या घेऊन माझ्या घरी आला. रिक्षातून उतरायला त्याला किती वेळ लागला, ते मी वरून खिडकीतून बघत होतो. खाली गेलो नाही. तो धापा टाकत वर आला, खुर्चीवर टेकला. बायको शेजारीच उभी होती.

"भाऊ, तुजी पयलीच खेप माझ्यामुलं नासली," तो म्हणाला. "धंद्याला अपशकुन झाला. मला माफ कर." त्याचे डोळे भरून आले होते.

तेव्हा बोलता आलं असतं. दोन वाक्यांचं तर काम होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, सलीम. केलं माफ."