काकी वेगळी निघाली

मोठ्या काकीच्या तोंडून 'मी' हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. अंगात ताप असला तरी म्हणायची, "आज आमचं आंग गरम आहे." जेवलीस का विचारलं तर, "आमचं सगळ्यांचं व्हाचं आहे अजून." इटियाडोह धरणाच्या कालव्यावर आमची धानाची शेती, चार भाऊ, चार जावा आणि एकच चूल. काकी थोरली. लग्न होऊन आल्यापासून तिला कोणी नावाने हाक मारली नव्हती, आणि त्याचं तिला काही वाटतही नसे.

मी गोंदियाजवळ फुलचूरला राहते, शाळेत शिकवते. गुडघे दाखवायला मीच तिला गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"माताजी, क्या तकलीफ है?"

"आमच्या घरी सगळ्यांचेच गुडघे दुखून राहिले."

"सबकी छोड़िए. आपको कहाँ दुखता है?"

काकीने माझ्याकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे.

परत येताना ऑटोत तिची सारखी चुळबूळ चालली होती. "त्यानं मले येकटीलेच काऊन इचारलं?" गावी गेली तरी ती चुळबूळ थांबली नाही. ताटावरून मध्येच उठायची, अंगणात येरझारा घालायची. एकदा फोनवर म्हणाली, "पोरी, मले काय आवडते, तुले मालूम आहे का?" 'सगळ्यांना वाढायला' हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

कापणी उरकली आणि सगळ्यांसमोर ती म्हणाली, "मले वेगळं निघाचं आहे."

आमच्याकडे वेगळे निघतात ते भाऊ. बाई, आणि तीही नवऱ्यापासून, मुलांपासून?

"काऊन? कोनी काई बोललं का?" मोठ्या काकांनी विचारलं.

"कोनी काई नाई बोललं. मी येकटी कशी आहो, ते पाहाचं आहे."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठून गोठ्यात जाऊन बसले.

माझ्या घरामागे तिने भाड्याने खोली घेतली. सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. सारखी माझ्या दारात यायची आणि परत फिरायची. "इथं कोनी खोकलत नाई. मी आहो का नाई, तेच समजत नाई." मी म्हटलं, गावी परत जा. तर उसळली, "अर्ध्यातून नाई जात!"

मग हळूहळू तिला काही काही सापडू लागलं. चहा तिला आवडतच नव्हता. सगळे पितात म्हणून जन्मभर पीत आली होती. बसमध्ये खिडकीशी बसायला मात्र फार आवडायचं. काही काम नसताना सालेकशापर्यंत जायची आणि त्याच बसने परत यायची. काका रविवारी भेटायला यायचे, दारातच टेकायचे. एकदा तिने त्यांना विचारलं, "तुमाले काय आवडते जी?" काका घाबरल्यासारखे हसले.

मागच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. गावी तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी तिची खोली आवरायला म्हणून मी निघाले, तर माझी आई, काकीची सगळ्यांत धाकटी जाऊ, माझ्याआधीच बसथांब्यावर उभी होती. हातात कपड्यांची पिशवी.

"खोली इतक्यात सोडू नोको," ती म्हणाली, आणि बस येते का ते पाहू लागली.