उघड्या चोचीचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एरवी माइक हातात आला की माझं तोंड थांबत नाही, पण ही एक गोष्ट घशाशी आली की मी घोषणा देते. तुम्हाला मात्र सांगते. मध्ये थांबवू नका — थांबले तर पुन्हा जमणार नाही.

आमच्या पक्षीमुक्ती मोहिमेचं पत्रक तुम्ही पाहिलं असेल. नांदेडपासून लातूरपर्यंत वाटलंय. 'पिंजरा म्हणजे जन्मठेप.' वर पोपटाचा फोटो, भिंतीवर बसलेला, चोच उघडी. मजकूर माझा. फोटोही माझाच. त्याच्याकडे येतेच — आधी भोकरचं ऐका.

भोकरच्या बाजारात एका पानटपरीवर पिंजरा टांगलेला होता, आत पोपट. टपरीवाले मामा वयस्कर. म्हणाले, "ताई, आईबापानं टाकलेलं पिल्लू हाय हे. चमच्यानं जगिवलंय." मी माइकवरून म्हटलं — प्रत्येक चोराचं पिल्लू आईनंच टाकलेलं असतं! बाजार हसला. मामांनी पिंजरा खाली काढून आमच्या हवाली केला आणि गिऱ्हाइकांसमोर रडले. मला कसं वाटलं? छान वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याच उन्हाळ्यात शिरूर अनंतपाळला आमच्या घरामागच्या कडुलिंबाखाली पोपटाचं एक पिल्लू पडलं. मी शिडी लावून ढोलीत परत ठेवलं. ढोलीतल्या नर-मादीनं त्याला टोचलं आणि पुन्हा खाली ढकललं. डोकं रक्तानं माखलेलं. म्हणजे — टाकतात. आईबाप टाकतात. मामा खरं बोलत होते.

मी काय करायला हवं होतं? वनखात्याला फोन. तो नंबर मीच लोकांना पाठ करायला लावते. नाही केला. माझ्या घरात पोपट आहे हे भोकरला कळलं असतं, आणि बाजार पुन्हा हसला असता. या वेळी मला.

मग भरवलं. हरभऱ्याची डाळ भिजवून बारीक वाटायची, कोमट करायची. चमच्याच्या कडा आत वाकवून त्याची पन्हाळी केली होती मी. गळ्याची पिशवी फुगली की थांबायचं. चमचा दिसला की ते सगळं अंग हलवायचं, मान खालीवर, खालीवर. आई म्हणायची, "उठले बघ साहेब. नाष्टा आण लवकर, न्हाई तर बदली करतील आपली." मी नाव ठेवलं नाही. नाव दिलं की मालकी आली — हेही पत्रकातलं, माझंच. पिसं फुटली, पंख भरले. ते माझ्या खांद्यावर झोपायला लागलं.

आणि कळलं की शिबिरासाठी आमची मंडळी माझ्याच घरी उतरणार.

तळ्याकाठच्या बाभळीत नेऊन सोडलं. स्कूटीच्या मागं उडत आलं. आई म्हणाली, "अगं, ते माणसातलं झालंय. काय करायलीस?"

"शिकेल."

"कोन शिकविल? तू?"

मी शिकवलं. कसं, ते सांगते — सांगायचं आहे ते हेच. पुन्हा बाभळीकडं नेलं. चमचा दाखवायचा. ते चोच उघडून, मान हलवत जवळ आलं की त्याच चमच्यानं डोक्यावर मारायचं. त्याच्या आईनं टोचलं होतं तिथंच. तिथं पिसं विरळ होती, नेम चुकत नव्हता. पुन्हा चमचा. पुन्हा ते यायचं. मला राग कशाचा आला, माहीत आहे? ते येणं थांबवत नव्हतं याचा. शेवटी जोरात मारलं. मग ते फांदीवर गेलं आणि स्कूटीच्या मागं आलं नाही.

मंडळी आली. दुसऱ्या दिवशी अंगणात चहा चालला होता, तेव्हा ते भिंतीवर येऊन बसलं. एक डोळा मिटलेला. छातीचं हाड वर आलेलं. मान हलवायला लागलं.

"माणसाळलेला दिसतोय हा," संगीता म्हणाली, आमच्यातली नवी मुलगी. "कुणाचा गं?"

आई दारात उभी होती, हातात परात. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं — कसं, ते विचारू नका. ती आत गेली.

"असेल कुण्या हरामखोराचा," मी म्हटलं. "हौस फिटली की देतात सोडून!" आणि कप हातात धरून तिथंच भाषण ठोकलं. चांगलं झालं. संगीतानं बिस्किटाचा तुकडा पुढं केला, तर मी तिचा हात धरला. माणसाच्या हातचं द्यायचं नाही, ती सवय हाच तर रोग आहे. वनखात्याला फोन करू या, असं कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, मी करते. मोबाइल काढला — आणि फोटो घेतला.

फोन केलाच नाही.

सकाळी ते भिंतीखाली पडलेलं होतं, मुंग्या लागलेल्या. आईनं उचललं. तिनं एवढंच विचारलं, "साहेबाला कुठं पुरू?"

मी म्हटलं, "कुठंही."

पत्रक गाजलं. भोकरला त्या टपरीवरही आहे — पिंजऱ्याचा खिळा अजून तिथंच आहे, त्याच्या खाली. मीच चिकटवलं. मामांनी पाहिलं आणि पानाला चुना लावत राहिले.

फोटो बघून लोक हळहळतात. म्हणतात, बिचारं कसं जिवाच्या आकांतानं ओरडतंय!

ते ओरडत नव्हतं. मोबाइल माझ्या हातात होता. मला ओळखून ते घास मागत होतं.