राणीच्या दारातला पाट

माझी जानकी मावशी मांडवगडावर राहायची. आमच्या देवासच्या माणसांना ते जगाचं टोकच वाटायचं. देवास म्हणजे एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमचं घर धाकट्या पातीत आणि किराण्याचं दुकान थोरल्या पातीत. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, आणि तेवढ्या प्रवासानंही माझी आई दमून यायची. तिची सख्खी धाकटी बहीण मात्र लग्न होऊन धारेला गेली आणि तिथून नवऱ्यामागं थेट डोंगरावर. यशवंतराव, म्हणजे तिचे यजमान, धार दरबारचे गडावरचे रखवालदार. आम्ही त्यांना काका म्हणायचो. पगार बेताचा आणि शेजार वाघांचा, असं आई त्यांच्या नोकरीचं वर्णन करायची.

पुढं माझंही सासर धारेला पडलं आणि मावशीकडे जाणंयेणं वाढलं. नालछा गाव सुटलं, छकडा घाट चढायला लागला की हवा बदलायची. वाटेत त्या गोरखचिंचा, बुंधे रांजणासारखे फुगलेले. दिवाळीच्या सुमारास भिलांच्या बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन कमानीखाली बसलेल्या असायच्या. ज्या कमानीतून एके काळी हत्ती गेले तिथं आता सीताफळांचा वास. इतकी वर्षं झाली, पण सीताफळ फोडलं की मला अजून तो घाट आठवतो आणि जीव कासावीस होतो.

मावशीसोबत गड बघणं म्हणजे नातेवाइकांकडे जाऊन येणं. पदर खोचून ती पुढं, मी मागं. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीपाशी ती आवाज हळू करायची, कारण थोरल्यांची झोपायची जागा. दोन तलावांच्या मधल्या जहाजमहालात मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. तिथल्या सुलतानाच्या जनान्यात हजारो बायका होत्या, असं लोक सांगायचे. धारेहून आलेले पाहुणे ते ऐकून आपापसांत हसायचे. मावशीला हसू यायचं नाही. एवढ्या बायकांचा स्वयंपाक कुणी केला, भांडी कुणी घासली, हे कुणी का लिहून ठेवलं नाही, असं ती भिंतींनाच रागानं विचारायची. पाहुणे आपले डबे सोडायचे आणि पुऱ्या खायला बसायचे. बघायला आलेल्या माणसांना भूक फार लागते, हे मी तिथंच पाहिलं.

पण मावशीचं खरं माहेर म्हणजे रूपमतीचा महाल. गडाच्या दक्षिण टोकाला, अगदी कड्यावर. खाली रेवाकुंड, आणि कुंडाशेजारीच काका-मावशीचं दोन खणांचं घर. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बाजबहादूर राजानं गाणाऱ्या रूपमतीला गडावर आणलं. ती नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय जेवायची नाही, म्हणून इथं वर चढून यायची. गच्चीवरच्या दगडी छत्रीखाली उभं राहिलं की खाली सगळा निमाड पसरलेला आणि पार टोकाला नर्मदेची चकाकती रेघ. पुढं शत्रू आला, राजा पळाला. रूपमतीनं विष घेतलं, पण शत्रूच्या हाती लागली नाही.

मावशीचं म्हणणं एवढंच, की या बाईचं घर ओसाड राहता कामा नये. ती रोज सकाळी आपल्या दारात सडा घालायची, रांगोळी काढायची, आणि तसाच शेणाचा तांब्या आणि रांगोळीची वाटी घेऊन वर चढायची. राणीच्या उंबऱ्यापुढं सडा, त्यावर कमळ. मग छत्रीतून नर्मदेला हात जोडून खाली येऊन भाकऱ्या थापायला बसायची. मला हे वेड वाटायचं. एकदा मी तसं बोलून गेले, तर तिनं मला त्या दिवशी चहाला विचारलं नाही. मी तरी काय, नव्या नवलाईची सासुरवाशीण, दोन बुकं शिकलेली.

त्या वर्षांत दरबारानं गडावरची डागडुजी काढली. झाडांची मुळं उपटणं, ढासळलेल्या कमानींना टेकू देणं, अशी कामं. त्यावर देखरेखीला गोपाळराव नावाचे ओव्हरसिअर आले. उंच, सडपातळ, कपाळावर आठी कायमची. पगडी कधी तिरकी झाली नाही आणि माणूस कधी हसला नाही. गवंड्यांच्या नाकी नऊ आणले होते त्यांनी. रूपमतीच्या महालाच्या पायरीवर त्यांनी सड्याचे हिरवे डाग पाहिले आणि काकांना बोलावून घेतलं. उद्यापासून शेण बंद, रांगोळीही बंद. दगडाला काहीही लावायचं नाही.

मी तेव्हा गडावरच होते. दुसऱ्या दिवशी मावशी रिकाम्या हातानं वर गेली, मी आणि काका तिच्यामागं. गोपाळराव तिथंच उभे होते. तिनं आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. दगड शेकडो वर्षांचे आहेत, शेणानं डाग पडतात, मोठमोठे साहेब पाहायला येतात. आणि मुळात हे घर नव्हेच, ही पहाऱ्याची चौकी, असंही त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाली, असेल, पण बाई राहायला आली की चौकीचंही घर होतं. मग तिचा आवाज चढला.

"एक बात सांगा मला, भिया. आपल्यात घरातलं माणूस गेलं की दारात सडा-रांगोळी बंद होते. सुतक फिटलं की पुन्हा सुरू होते. तुम्ही तर या बाईच्या दाराला कायमचं सुतक लावून दिलं. गेली तेव्हा रडायलाही कुणी नव्हतं तिला."

साहेबाला भिया म्हटलं म्हणून काकांनी मागून जीभ चावली. माळव्यात रस्त्यावरच्या कुणालाही भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, पण ओव्हरसिअरला नाही. गोपाळरावांनी हुकूम मात्र मागं घेतला नाही.

मावशी घरी आली आणि जेवली नाही. संध्याकाळपर्यंत गुडघे मिठीत घेऊन बसली. काका समजूत घालून थकले. त्यांची नोकरी जाईल, गड सोडावा लागेल, हे तिलाही कळत होतं. ती ओव्हरसिअरशी भांडणार नव्हती आणि नवऱ्याच्या पोटावर पायही देणार नव्हती. पण तो उघडा उंबरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिचं ते दुःख खरं होतं आणि मला त्या दिवशी प्रथमच त्याचं हसू आलं नाही.

सकाळी उठून पाहते तर मावशीनं घरातला जेवायचा पाट धुऊन उन्हात ठेवलेला. तो शेणानं सारवून, वाळवून तिनं त्यावर शिरगोळ्याच्या रांगोळीनं कमळ काढलं आणि दोन्ही हातांवर तोलत, फुंकरही लागू नये अशा बेतानं, वर चढली. राणीच्या उंबऱ्यापुढं पाट ठेवला. दगडाला बोटही लावलं नाही.

गोपाळराव आले. पाटाभोवती एक फेरी मारली. खाली वाकून पाटाखालचा दगड पाहिला.

"पाटाबद्दल हुकूम नाही," एवढं म्हणून ते पाटाला वळसा घालून आत गेले. त्यांच्यामागं गवंडीही वळसा घालूनच गेले.

तेव्हापासून पाट रोज वर राहिला. मावशी सकाळी जाऊन जुनं पुसायची, नवं काढायची. पावसात छत्रीखाली, वाऱ्यात कोनाड्याच्या आडोशाला. गोपाळरावांनी त्या पाटाकडे पुन्हा कधी पाहिल्याचं कुणाला दिसलं नाही. आणि मावशीही त्यांना नंतर नेहमी साहेबच म्हणाली.

काही वर्षांनी, गडाची डागडुजी अजून चालूच असताना, पावसाळा सरता सरता मावशीला हिवताप भरला. गडावर तो दर साल यायचाच, पण या वेळी उतरला नाही. मी धारेहून पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. कुंडाशेजारच्या त्या घराचं दार मी पहिल्यांदाच सड्याशिवाय पाहिलं आणि छकड्यातून उतरायच्या आधीच मला हुंदका फुटला.

काका ओसरीवर बसले होते. मावशी जाताना एकच बोलली होती, माझ्यामागं राणीच्या दाराला सुतक नको. पण काकांना दहा दिवसांचं सुतक. मीही भाची, त्या घरात येऊन बसलेली. भिलांच्या बायकांना विचारावं, तर मावशीच्या जाण्यानं त्यांनीही आपापल्या पाड्यांवर सुतक धरलेलं. तिचं शेवटचं एवढंसं मागणं, तेही आपल्याच्यानं झालं नाही, म्हणून काका लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, सकाळी वर जा आणि निदान तिचा पाट घेऊन ये, नुसता पडलेला बघवत नाही.

सकाळी मी एकटीच चढले. धुकं विरत होतं. वर पोचले आणि थबकले. उंबऱ्यापुढं गोपाळराव उकिडवे बसले होते. पगडी काढून बाजूला ठेवलेली, धोतर वर खोचलेलं, बोटं शेणानं आणि रांगोळीनं भरलेली. पाट ताजा सारवला होता, ओलाच. त्यावर ठिपके मांडायचा खटाटोप चालला होता. रेघा जाड-बारीक, पाकळ्या एकीकडे झुकलेल्या, मावशीनं पाहिलं असतं तर हात धरून पुसायला लावलं असतं.

मला पाहून ते उठले नाहीत. मी पाट न्यायला आले आहे, हे त्यांना न सांगताच कळलं असावं. मान खाली घालून त्यांनी चिमटीतली रांगोळी सोडत ती पाकळी पुरी केली.

"राहू द्या इथंच," ते म्हणाले. "तुम्हाला सगळ्यांना सुतक आहे. त्या मला एकदा भिया म्हणाल्या होत्या. मानलेल्या भावाला सुतक नसतं."