गोमुखीतला हात

आशालता आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायला आली तेव्हा नवीन पनवेलच्या या वसाहतीत झाडंसुद्धा धड वाढली नव्हती. नवरा दिनानाथ कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका कचेरीत कारकून, सासू कमळाबाई, आणि आभा ही एकुलती मुलगी. आभाला जन्मापासून ऐकू येत नाही.

आशालता तोंडाने फारशी बोलकी नाही. तिचं खरं बोलणं हातांनी चालायचं, आणि तेही लेकीशीच. कुणी शिकवलेलं नव्हतं. आभा रांगायची तेव्हापासून मायलेकींनी आपापसात जुळवत आणलेलं. ओठावर मिशी ओढली की बाबा. डोळ्यांभोवती बोटांचा चष्मा धरला की आजी. डोक्यावर टोपली सावरली की मोरा बंदरावरून मासे घेऊन येणारी ठमाबाई. माझ्यासाठी मनगट हलवायचं, आरतीची घंटी वाजवल्यासारखं. सकाळी पूजा आटोपून मी गॅलरीत तुळशीला पाणी घालायला आले की समोरून आभा मनगट हलवायची. मग मीही देवघरातली घंटी आणून तिला वाजवून दाखवायची. तिला ती ऐकू जायची नाही, तरी खूश व्हायची.

गेल्या वर्षी, एक्क्याण्णवच्या जूनमध्ये, आभाला जवळच्या शाळेत पहिलीत घेतलं, पण अटीवर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू. चार शब्द बोलू लागली तर ठेवू. नाहीतर पुण्याला अशा मुलांची वसतिगृहाची शाळा आहे, तिथे घाला. तिचंच भलं होईल."

सहा वर्षांची पोर, आईवाचून एक रात्र राहिलेली नाही. दिनानाथ दर शनिवारी एसटीने तिला दादरला घेऊन जायला लागले. तिथे मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कानाचं यंत्र दिलं, ते ठेवायला छातीवर लटकणारी कापडी पिशवी दिली, आणि नियम घालून दिला: घरात खुणा पूर्ण बंद. हात चालले की मूल ओठांकडे बघत नाही, आणि मग बोलणं कधीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी आशालता माझ्याकडे आली.

"काकू, मला एक गोमुखी शिवून द्याल?"

जप करताना माळेसकट हात आत झाकून ठेवायची ती पिशवी. मला आनंद झाला. "जपाला बसणार? किती छान!"

"जप करीनच हो. पण मुख्य म्हणजे हात आत राहील." ती कसनुसं हसली. "ती समोर आली की हात आपोआप उठतात. ऐकतच नाहीत माझं."

लाल खणाची गोमुखी मी शिवून दिली. तेव्हापासून कामातून मोकळी झाली की आशालताचा उजवा हात गोमुखीत आणि डावा पदरात. आभा शाळेतून यायची ती दप्तर फेकून, हातांनी भराभरा काहीतरी सांगत. आशालता ओठ ताणून ताणून विचारायची, "का-य झा-लं?" आभा थांबून तिच्या तोंडाकडे बघायची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून हातांनीच सांगायला लागायची. आतून कमळाबाईंचा आवाज यायचा, "आशा, हात!" परसात गाय शिरल्यावर हाकलावं तसा.

त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. नात पुण्याला जाऊ नये म्हणूनच चाललं होतं सगळं. दिनानाथ तर संध्याकाळी आभाचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून आरशासमोर बसायचे. "पा. पा-णी." तिने बोट दाखवलं तर पेला मिळायचा नाही, 'पा' म्हटल्यावर मिळायचा. तोवर ते स्वतःही पाणी पीत नसत. एकदा दोघंही तशीच तहानलेली जेवायला बसली.

ठमाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकदा खाली फाटकाशी टोपली उतरवून ती ओरडली, "गो बाय, भाव करतेस आनि हात पदरात? बांदून ठेवलेत का गो तुजे?" मासे घ्यायला जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. आशालताही हसली, आणि ठमाबाई म्हणेल त्या भावाला बोंबील घेऊन वर गेली.

आभाने आधी गोमुखीशी भांडण काढलं. ओढायची, चावायची. एकदा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. मग हळूहळू सगळं थांबलं. एके सकाळी मी घंटी वाजवली तर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मनगट हललं नाही.

कमळाबाई मला म्हणाल्या, "बघ रमा, सुटली की नाही सवय? शाळेतही बाई म्हणतात, आता अगदी शांत बसते."

बोलणं मात्र आलं नव्हतं.

नवरात्रात आमच्या घरी भोंडला होता. पाटावर हत्ती काढला, आभाच्या वर्गातल्या मुली आल्या. आभा फेर धरून फिरली. गाणी संपली, आता खिरापत ओळखायची. मी झाकलेला डबा पुढे आणला आणि एकच गलका झाला, "गोड का तिखट? गोड का तिखट?"

आभाच्या बाकावर बसणारी पूर्वी नावाची मुलगी तिच्याकडे वळली. बोट चाटून दाखवलं, मग तोंडापुढे हाताने वारा घातला, आणि भुवया उंचावल्या. ही खूण पूर्वीला आभानेच कधीतरी शिकवली असणार. आभाने उत्तर दिलं नाही. तिचा उजवा हात छातीवरच्या यंत्राच्या पिशवीत होता, मनगटापर्यंत आत कोंबलेला. आणि ती ओठ ताणून ताणून उघडमीट करत होती. आवाज नाही, काही नाही. हुबेहूब आशालतासारखी.

"ए, अशी काय करतेस? सांग ना गं!" पूर्वीने तिचा दंड हलवला.

दाराशी उभ्या आशालताने ते पाहिलं. तिचा हात नेहमीप्रमाणे गोमुखीत होता. तिने तो बाहेर ओढला, माळ फरशीवर पडली. ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. बोट चाटलं, वारा घातला. कोणतं?

"आशा! हात!" कमळाबाई.

आशालताने मान वळवली नाही. आभाने मात्र आजीकडे पाहिलं, मग आईकडे. आशालताने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पिशवीतून हात सावकाश बाहेर आला आणि तोंडापुढे हलला. तिखट.

वाटली डाळच होती. मुलींनी टाळ्या पिटल्या.

घरी जाताना जिन्यात कमळाबाई म्हणाल्या, "आता पुण्याला गेली की रडू नकोस."

"रडेन," आशालता म्हणाली. "पण तिला सांगून पाठवीन. उचलून नेऊन टाकलं असं नाही होऊ देणार."

त्यानंतर मायलेकींचे हात पुन्हा बोलायला लागले. दिवाळीनंतर शाळेत आभाला नाव विचारलं. ती जे बोलली ते आशालताला कळलं, बाईंना कळलं नाही. जूनपासून पुणं ठरलं. दिनानाथ आमच्या दारात चपला न काढताच उभे होते. "काकू, खुणा चालू ठेवल्या म्हणून झालं का हो हे?" मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. संध्याकाळी दिवा लावताना तोच प्रश्न देवापुढे ठेवला.

आशालताने गोमुखी धुऊन, घडी घालून परत केली. "जप तोंडानेच करते, काकू."

मे महिना आहे. रोज चार वाजता समोरच्या गॅलरीत ती आभाला तेच तेच सांगत बसते. स्टिअरिंग फिरवते, म्हणजे बस. हात चढतो, वळतो, उतरतो: घाट. मग ओळीने खाटा, पुष्कळ मुली, दोन वेण्या. मग बोटांनी फटाके फोडते: दिवाळीला घरी. आभा सगळं मन लावून बघते.

काल तिने एक नवीनच गोष्ट विचारली. हात छातीवरच्या पिशवीत घातला, खाटांची ओळ दाखवली, आणि भुवया उंचावल्या. तिथेही हात आत ठेवायचे?

पुण्याच्या शाळेतही नियम तोच आहे. दिनानाथ विचारून आले होते, आशालताला ते ठाऊक होतं. तिने आभाचा हात पिशवीतून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. आभा उत्तराची वाट बघत आईच्या हातांकडे पाहत राहिली. आशालताने तिचा हात सोडलाच नाही.